सवा महिना, बारा आठवडे आणि 800 मीटर

गरोदरपणाआधीची माझ्या वहीतली शेवटची नोंद आहे : 800 मीटर, 2 मिनिटं 48 सेकंद. ती पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीची. मुलींना या चाचणीत 800 मीटरचे 20, 100 मीटरचे 15 आणि 4 किलोच्या गोळाफेकीचे 15 असे 50 गुण असतात. 800 मीटर 2 मिनिटं 50 सेकंदांच्या आत मारले की 20 पैकी 20. मला मैदानीत 43 पडले होते, लेखीत मागं राहिले. मैदानाचं टेन्शन नाही, पुढच्या वेळी अभ्यास वाढवायचा, असं ठरवून टाकलं होतं. मग लग्न झालं आणि दीड वर्षानं, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, लेक झाली.

वयाची अट संपायला अजून तीन वर्षं होती. म्हणून बाळंतिणीच्या खाटेवरच हिशेब मांडला : फेब्रुवारीअखेर सवा महिना संपेल, मार्चमध्ये हळूहळू धावायचं, जूनपर्यंत पुन्हा तीन मिनिटांच्या आत. तो हिशेब कसा चुकला आणि नंतर कसा जुळत गेला, ते सांगायचं आहे. आमच्याकडे गावोगावी पहाटे डांबरी रस्त्यावर भरतीसाठी धावणाऱ्या पोरी दिसतात. त्यांची लग्नं होतात, लेकरं होतात, आणि "आता नाही होत माह्यानं" म्हणून त्या बूट माळ्यावर टाकून देतात. मीही टाकायच्या बेतात होते.

पहिलं बाळंतपण माहेरी, अमरावती जिल्ह्यात. नॉर्मल झाली, पण टाके पडले. लेक 2 किलो 800 ग्रॅमची. घरी आल्यावर आईनं सगळं रीतीनं केलं. कानाला रुमाल, बाजेखाली शेगडी, ओवा-शेपाची धुरी, रोज मालिशवाली बाई, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू. खोलीच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. मी आतल्या आत चिडायची. दहा-दहा किलोमीटर धावलेली मुलगी मी, आणि मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नव्हते.

आशाताई ठरल्या दिवशी यायच्या : तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळाचं वजन, ताप, दूध नीट ओढते का, मला रक्तस्राव किंवा ताप आहे का, लोहाच्या गोळ्या चालू आहेत का. त्यांचं काम त्या मन लावून करायच्या. बेचाळिसाव्या दिवशी मी विचारलं, "ताई, आता धावलं तर चालते ना?" त्या हसल्या. "टाके भरले ना? मग काय होते." त्यांना हा प्रश्न कोणी कधी विचारलाच नसावा. दवाखान्यातून सुट्टी देतानाही टाके, दूध, लसीकरण आणि पाळणा लांबवायचं सांगितलं होतं. कधी धावायचं, कसं उठायचं, काय दिसलं तर थांबायचं, यातलं काहीच कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

सातव्या आठवड्यात, मार्चच्या सुरुवातीला, आईला "शाळेपर्यंत जाऊन येतो" सांगून मी निघाले. शाळेचं मैदान आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे. सकाळचे सहा वाजले होते, कोणी नव्हतं. जुने बूट घातले तर ते बोटांना आवळत होते. पाय सुजले असतील असं वाटलं. गरोदरपणात कित्येक बायकांचे पाय अर्ध्या मापापर्यंत वाढतात आणि पुष्कळदा तसेच राहतात, हे नंतर कळलं. एक फेरी हळू मारली. श्वास लागला, पण अंगाला जुनी चाल आठवली आणि डोळे भरून आले. दुसऱ्या फेरीत जरा पाय मोकळा सोडला. कवायतीच्या ओट्याजवळच्या वळणावर मांडीला काहीतरी गरम लागलं. रक्त गेलं म्हणून घाबरून थांबले. हात लावून पाहिला. रक्त नव्हतं, लघवी होती. मला लागली आहे हेसुद्धा जाणवलं नव्हतं. थांबवायचा प्रयत्न केला तर कुठल्या स्नायूनं थांबवायचं तेच अंगाला कळेना. आणि खाली असं जड वाटत होतं, जणू आतून काही ओघळून येतं आहे. बाभळीखाली पाय जवळ घेऊन बसले. मग ओढणी कमरेला गुंडाळून भिंतीच्या कडेकडेनं घरी आले. आईला म्हटलं, नळावर पाणी सांडलं.

बारा दिवस मी कोणाला काही बोलले नाही. खोकला आला की तेच, लेकीला उचलून झटक्यानं उठलं की तेच. तेराव्या दिवशी आईजवळ रडले. आई शांतच होती. "होते बाई तसं. लेकरू झालं का सगळ्यायलेच होते. खोकलताना जरासे पाय आवळून घ्यायचे." तिनं ते इतक्या सहज सांगितलं, जणू पाय आवळून घेणं हा आयुष्याचा उरलेला भाग आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही. मी ज्या बायांना लहानपणापासून पाहत होते त्या सगळ्या आठवल्या. शिंकताना पदर तोंडाला लावून भिंतीला टेकणाऱ्या, लग्नाला लांबच्या गाडीनं जायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून पाणी तोडणाऱ्या, पायरीवरून उतरताना क्षणभर थांबणाऱ्या. त्या का थांबतात ते मला पंचवीस वर्षांत दिसलं नव्हतं.

माझी एक मैत्रीण अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात बी.पी.एड. करते. तिला फोनवर सांगितलं, तेव्हा तिनं एका फिजिओथेरपिस्ट मॅडमचा पत्ता दिला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लेकीला झोळण्यात घेऊन मी आणि आई एसटीनं गेलो. बायांना अर्धं तिकीट झाल्यापासून असं जाणं-येणं तरी परवडतं.

मॅडमनी आधी अर्धा तास नुसतं ऐकून घेतलं. मग मला पाठीवर झोपवून गुडघे वाकवायला लावले, डोकं जरा वर उचल म्हणाल्या आणि बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवली. पोटाचे दोन उभे पट्टे गरोदरपणात बाजूला सरकतात आणि त्यांना जोडणारी मधली पट्टी ताणून पातळ होते. माझ्या पट्ट्यांमध्ये तीन बोटं बसत होती आणि खाली मऊ लागत होतं. "तू रोज उठतेस कशी?" त्यांनी विचारलं. मी सरळ उठून दाखवलं, आणि पोटाच्या मधोमध उभा उंचवटा आला, छपराच्या आढ्यासारखा. तो मी पाहिलाही होता, पण चरबी समजून रोज तीस सिट-अप्स मारत होते. त्या सिट-अप्सनी ती मधली पट्टी आणखी ताणली जात होती. त्या दिवसापासून कुशीवर वळून, हाताचा टेकू घेऊनच उठायचं ठरलं.

खालच्या स्नायूंचं त्यांनी जे समजावलं ते माझ्या कायम लक्षात राहिलं. म्हणाल्या, घरी झोळी बांधली आहे ना? दोन खांबांना लुगडं बांधून त्यात लेकरू निजवता. तुझ्या कमरेच्या हाडांमध्येही पुढून माकडहाडापर्यंत अशीच स्नायूंची झोळी बांधलेली आहे. लघवीची पिशवी, गर्भाशय, आतडं, सगळं तिच्यावर बसलेलं असतं. नऊ महिने तिनं वजन पेललं, आणि बाळ बाहेर येताना ती खूपच ताणली गेली. सुती लुगड्याची झोळी सैल पडली की आपण काय करतो? गाठ सोडून पुन्हा आवळून बांधतो. तोवर तिच्यात लेकरू टाकून जोरात झोका देत नाही. धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-अडीच पट भार जमिनीवरून उलटा येतो, तो या झोळीला सोसायचा असतो. तू सैल झोळीला झोका दिलास.

2019 मध्ये ब्रिटनमधल्या तीन फिजिओथेरपिस्टनी बाळंतपणानंतर धावण्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्याही त्यांनी वाचून दाखवल्या. बारा आठवड्यांआधी धावायचं नाही, आणि बारा आठवडे झाले म्हणूनही धावायचं नाही. आधी अंगानं काही गोष्टी करून दाखवायच्या : तीस मिनिटं चालणं, एका पायावर दहा सेकंद उभं राहणं, एका पायावर दहा वेळा अर्धं बसून उठणं, जागेवर एक मिनिट धावणं, एका पायावर दहा उड्या. एका पायावर टाच उचलणं वीस वेळा. आणि हे सगळं दुखणं, जडपणा, गळणं यातलं काहीही न होता. मी तिथेच एका पायावर उभी राहून पाहिलं. उजव्या पायावर सहा सेकंद. डाव्यावर चार.

रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 9.8 निघालं. बाईचं 12 च्या वर हवं. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही 180 दिवस रोज घ्यायच्या असतात, सरकार त्या फुकट देतं, आणि मी त्या चहासोबत घेत होते. चहानं लोह नीट अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी घेत होते, तीही लोहाला आडवी येते. त्या दिवसापासून लोहाची गोळी दुपारी लिंबाच्या पाण्यासोबत आणि कॅल्शियम सकाळ-रात्री जेवणावर. एवढ्या साध्या बदलानं तीन महिन्यांत 11.7 झालं. जिना चढताना छाती धडधडायची, ते थांबलं.

परत येताना एसटीत आईनं विचारलं, "म्हणजे मी तुले चुकीचं बसवून ठेवलं होतं का?" मी नाही म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. सवा महिना अंग जमिनीला टेकवून ठेवायची रीत ज्यांनी घालून दिली त्यांना या झोळीची जाण असावी. मालिश, लाडू, कोणी काही उचलू न देणं, हे सगळं माझ्या फायद्याचं होतं. फक्त धूर तान्ह्या लेकराच्या छातीत जायला नको होता, पोट इतकं घट्ट बांधायला नको होतं, कारण वरून आवळलं की दाब खालीच जातो, आणि "पाणी जास्त पिऊ नको, पोट सुटते" हे तर अंगावर पाजणाऱ्या बाईला सांगायलाच नको. मी त्या सवा महिन्यात जी चिडचिड केली तिचं मला आता वाईट वाटतं.

मग सुरू झालं माझं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं ट्रेनिंग. श्वास घेताना पोट आणि बरगड्या फुलू द्यायच्या, सोडताना खालची झोळी वर ओढायची. वारा आणि लघवी दोन्ही एकदम रोखल्यासारखं. दहा सेकंद धरायचं, पूर्ण सोडायचं, असं दहा वेळा, मग दहा वेळा झटपट. दिवसातून तीनदा. पहिल्या आठवड्यात मला तीन सेकंदही धरता येत नव्हतं, आणि मांड्या आवळते आहे की आतलं, तेही ओळखू येत नव्हतं. विसरायला होऊ नये म्हणून मी ते पाजण्याच्या वेळांना बांधून टाकलं. लेक दूध ओढायला लागली की माझी मोजणी सुरू. ती डोळे मिटून चूपचूप ओढायची आणि मी तिच्या टाळूवरची धडधड बघत एक ते दहा मोजायची. सोबत पूल, म्हणजे पाठीवर झोपून कंबर उचलणं, आणि कुशीवर झोपून पाय उचलणं. एप्रिल-मे असाच गेला. पारा 44 वर, म्हणून पहाटे पाचला चालायला जायची. आधी दहा मिनिटं, मग वीस, मेअखेर चाळीस.

माझ्या खोलीत मेरी कोमचं वर्तमानपत्रातलं चित्र चिकटवलेलं होतं. 2007 मध्ये जुळी मुलं झाली आणि 2008 मध्ये ती पुन्हा जगज्जेती. मला त्या ओळीनं बळ दिलं. पण त्या दोन सालांच्या मधल्या दिवसांत तिनं काय काय केलं असेल, ते वाचायची मला फार भूक होती. कोणत्याच बातमीत ते नसतं.

जूनमध्ये, पेरणीच्या आधी, सासरी आले. सासर यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या बाजूला. घरात सासूबाई, आमचे हे आणि मी. सासूबाईंना मी आईच म्हणते. आल्यापासून त्या बघत होत्या की मी पाजताना ओठांतल्या ओठांत काही मोजते. एक दिवस दुपारी पाऊस लागला होता, त्या तुरीची डाळ पाखडत होत्या. म्हणाल्या, "काय मोजत राह्यते व तू? जप करते काय?"

मी सांगितलं. धावताना काय झालं होतं तेही. सासूला असं सांगताना जीभ अडखळली, पण सांगितलं. सूप हातातच राहिलं. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग खाली बघत म्हणाल्या, "माह्यं त अंगच बाहेर येते. बावीस वर्षं झाली. धाकटा झाला अन् अकराव्या दिवशी निंदाले गेली होती मी."

बावीस वर्षं. त्या दिवसाला पाण्याच्या चार गुंड्या उचलत, वावरात दिवसभर वाकत, आणि संध्याकाळी खाटेवर पाय उंच करून पडत. आम्ही म्हणायचो, आईची कंबर दुखते. मामंजी गेले, त्यांनाही माहीत नव्हतं. कोणत्या डॉक्टरला दाखवलं का विचारलं तर म्हणाल्या, "माणूस डॉक्टर. त्याले काय दाखवू?"

पुढच्या आठवड्यात मी त्यांना यवतमाळला एका बाई डॉक्टरकडे घेऊन गेले. तपासून त्यांनी रबराची रिंग बसवून दिली, ती दर काही महिन्यांनी बदलायची असते. वजन उचलायला मनाई केली आणि मी करते तेच व्यायाम त्यांनाही सांगितले. ऑपरेशनचं पुढे बघू म्हणाल्या. घरी आल्यावर पाण्याच्या गुंड्या यांच्याकडे गेल्या. सासूबाईंना विचारूनच हे लिहिते आहे. त्या म्हणाल्या, "लिह्य. माह्यं नाव नोको टाकू, पण लिह्य."

त्यानंतर माझं धावणं या घराचंच काम झालं. गावात बोलणारे बोललेच : लेकराची माय अन् पोरांवानी पळते. धावल्यानं दूध तापते, लेकराले बाधते, असंही एकीनं घरी येऊन सांगितलं. सासूबाईंनी तिला अंगणवाडीतलं वजनाचं कार्ड काढून दाखवलं. सहाव्या महिन्यात लेक 6 किलो 900 होती, हिरव्या पट्ट्यात. मॅडमनीही सांगितलं होतं की बेताच्या व्यायामानं दूध कमी होत नाही. फक्त धावायच्या आधी पाजून घ्यायचं, म्हणजे छाती हलकी राहते, आणि पोटभर खायचं. अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे 600 कॅलरी जास्त लागतात. मी सकाळी धावून आले की ज्वारीची भाकर, जवसाची चटणी आणि दोन अंडी. दुपारी तुरीचं घट्ट वरण. येता-जाता शेंगदाणे आणि गूळ.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्या सगळ्या चाचण्या पास झाल्या. एका पायावर दहा उड्या मारल्या आणि कोरडी राहिले, त्या दिवशी मी यांना शेतात फोन करून सांगितलं. पोटाच्या पट्ट्यांमध्ये आता दीड बोट बसत होतं, आणि खाली घट्ट लागत होतं. पण धावायचं कुठे? पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत पाय टाकला की प्रत्येक बुटाला किलोभर चिखल. डांबरी रस्त्यावर ट्रक. शेवटी शकुंतलेचा मार्ग सापडला. यवतमाळ–मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची गाडी बंद पडली आहे, पण रुळांच्या कडेनं मुरमाची पायवाट आहे, तिथे चिखल लागत नाही. सकाळी साडेपाचला मी पुढे आणि हे मागून मोटारसायकलचा लाइट लावून. गवतात साप असतात म्हणून.

एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. आठवड्यातून तीन दिवस. पुढच्या आठवड्यात दोन मिनिटं धावणं, दोन चालणं. जडपणा वाटला किंवा थेंबभर जरी गळलं तरी पुढच्या वेळी एक पायरी मागं. नवे बूट अर्धं माप मोठे घेतले. धावतानाची आवळ ब्रा मागवली, ती येईपर्यंत दोन घालून धावले. ऑगस्टअखेर वीस मिनिटं सलग झाली.

ऑक्टोबरात पुन्हा मागं पडले. कापसाची वेचणी सुरू झाली, मजूर मिळेना, म्हणून मीही जाऊ लागले. कमरेला ओटी बांधून वेचायचं, भरली की धुऱ्यावर ढिगात ओतायची. दिवसाला पंचवीस किलोच्या आसपास. दसऱ्यानंतरच्या एका सकाळी तिसऱ्याच मिनिटाला मार्चसारखंच झालं. तेच गरम, तीच ओल. मी रुळावर बसून रडले. सात महिने गेले आणि होते तिथेच आले, असं वाटलं. रात्री मॅडमना फोन केला. त्यांनी विचारलं, काल काय केलंस? म्हटलं, काही नाही, ट्रेनिंगला सुट्टी होती. मग म्हणाल्या, दिवसभर काय केलंस ते सांग. मी सांगितलं : आठ तास वाकून, कमरेला सात-आठ किलोची ओटी, मध्ये दोनदा गाठोडं डोक्यावर. त्या म्हणाल्या, मग सुट्टी कुठे होती?

माझ्या वहीत फक्त धावणं लिहिलेलं होतं. शेतकरी घरातल्या बाईचं अंग दिवसभर जे पेलतं ते कुठल्याच वहीत नसतं, माझ्याही नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी तेही लिहायला लागले. "वेचणी 22 किलो. उद्या धावणं नाही." "दळण, पाणी. संध्याकाळी फक्त श्वास." ओटी चार किलोची झाली की रिकामी करायची, गाठोडं उचलताना श्वास सोडत झोळी वर ओढायची, रोखून धरायचा नाही. तीन आठवड्यांत पुन्हा कोरडी झाले. शहरातल्या मैदानाबद्दल मला माहीत नाही, पण आमच्याकडच्या बायांनी धावायचं वेळापत्रक हंगाम बघूनच आखावं, असं माझं ठाम मत झालं आहे.

थंडीत वेग धरला. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानावर यांनी फक्कीनं 200 मीटरची गोल आखून दिली. आधी 200 मीटर 50 सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालणं, असं सहा वेळा. डिसेंबरमध्ये 46, जानेवारीत 44. गोळा शेवटी हातात घेतला. तो 4 किलोचा असतो, लेक दीड महिन्याची असताना बरोबर तेवढीच होती. तिला जशी श्वास सोडत उचलायला शिकले होते तसाच तो उचलला. फेकताना आधी श्वास कोंडायची सवय होती, ती मोडायला महिना लागला, आणि तेवढ्यात 30 सेंटिमीटर वाढले. 100 मीटर मात्र अजून त्रास देते. सुरुवातीच्या झटक्याला कधी कधी, फार थकलेली असले तर, अजूनही थोडं होतं. पॅड लावून धावते. गावातल्या ज्या दोन पोरी माझ्यासोबत येतात त्यांना मी ते सांगितलेलं आहे. त्यातल्या एकीच्या वहिनीला गेल्या महिन्यात मुलगा झाला, तिला सध्या आम्ही दोघी जाऊन फक्त श्वास शिकवतो आहोत.

फेब्रुवारीच्या शेवटी, लेक तेरा महिन्यांची असताना, वेळ लावून 800 मीटर धावले. त्या फक्कीच्या गोलावर चार फेऱ्या. हे घड्याळ धरून, सासूबाई ओट्यावर लेकीला मांडीवर घेऊन. तिसऱ्या फेरीत पोटऱ्या दगड झाल्या, तेव्हा मोजायला लागले, पाजताना मोजायची तसंच, एक ते दहा, पुन्हा एक ते दहा. 2 मिनिटं 57 सेकंद. तक्त्याप्रमाणे 20 पैकी 18 गुण. लेकीनं चप्पल तोंडात घातली होती म्हणून सासूबाईंचं शेवटच्या फेरीकडे लक्षच नव्हतं. त्यांनी विचारलं, "झालं का? किती झाले?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "अन् खाली?"

मी म्हटलं, "कोरडं."

आता सात सेकंद कमी करायचे आहेत. सोमवारी सहा दोनशे, बुधवारी सावकाश चाळीस मिनिटं, शनिवारी गोळा. हरभरा काढायला आला आहे, म्हणून गुरुवार-शुक्रवार मोकळे ठेवले आहेत.